बघत न्हाई

"पुढं," मी म्हणालो.

आधी हात आला. अडीच-पावणेतीन वर्षांच्या पोरीचा, मनगटात काळे मणी घातलेला हात खिडकीच्या भोकातून थेट माझ्या टेबलावर उतरला आणि शाईच्या पॅडचं गोल पत्र्याचं झाकण उचलून परत गेला. मग आई दिसली.

"झाकण," मी म्हणालो.

"देती साहेब. जरा हातात ऱ्हाऊ द्या, न्हाईतर रडंल."

"नाव?"

"प्रेक्षा अजित मगदूम."

"वय?"

"दोन वर्सं आठ म्हैने."

"काय होतंय?"

बाई थांबली. खिडकीपाशी माणसं एका दमात सांगून मोकळी होतात. ताप, जुलाब, कुत्रं चावलं. थांबणारं माणूस मला आवडत नसे, कारण एक थांबला की मागचे बारा थांबतात.

"बघत न्हाई," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दीड वर्साची झाल्यावर माझ्या ध्यानात आलं."

"नाव प्रेक्षा आणि बघत नाही? मग नाव तरी बदला बाई."

मागचे दोघं-तिघं खिदळले. माझ्या बोलण्यावर रांग हसली की मला चहा प्यायल्यासारखं वाटायचं. बाई मात्र हसली नाही. "तसं न्हवं साहेब, ती..."

"आत डॉक्टरांना सांगा. चार नंबर. पुढं."

झाकण मी ओढून घेतलं. पोरगी अशी किंचाळली की ओळीतल्या म्हाताऱ्याने कानावर हात ठेवले. त्या ओढाताणीत तिचा शाईने माखलेला अंगठा माझ्या रजिस्टरच्या कडेला उमटला. जांभळा, मसुरीच्या डाळीएवढा. मी टिपकागद दाबला आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, डोळे.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मी एकोणीस वर्षं बसलो. दत्तात्रय लाटकर म्हणजे मीच. अक्षर मोत्यासारखं, हे आमच्या अधीक्षकांनी माझ्या गोपनीय अहवालात लिहून ठेवलं होतं. आणि माणसाची पारख, हे मी माझ्या मनात लिहून ठेवलं होतं. खिडकीपाशी येणाऱ्या माणसाची चाल बघून मी दुखणं ओळखत असे. दारावरचा शिपाई बाबू तांबोळी आणि मी पैज लावायचो. दहात नऊ वेळा मी जिंकायचो. कोण खरा आजारी, कोण रजेसाठी दाखला मागणार, कोणती सून सासूला घेऊन आलीय आणि कोणती सासू सुनेला, सगळं मला खिडकीतून कळायचं. कोण वर्षात किती वेळा आलं याचाही मी मनात आकडा ठेवत असे.

आमच्याकडे एक रीत होती. केसपेपरवर तक्रारीचा रकाना बोटभर रुंद. त्यात एकच शब्द मावायचा. तो शब्द बघून बाबू माणसाला त्या त्या खोलीकडे हाकायचा आणि डॉक्टरही तोच शब्द वाचून सुरुवात करायचे. माणूस दहा वाक्यं बोलो, आत जायचा तो माझा एक शब्द. ही रीत कोणी घालून दिली ठाऊक नाही, पण मला ती फार पसंत होती.

तर मगदूमांची राजमती. नवरा दुधाच्या टँकरवर, घरी सासू, सहा मैलांवरचं गाव. ती पुन्हा आली, मग पुन्हा. डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी यायचे. त्यांनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोरीने त्यांचा चष्मा ओढला, त्यांनी जिल्ह्याला पाठवलं. तिथे भूल देऊन तपासायला हवं म्हणून चार महिन्यांनंतरची तारीख. डोळे स्वच्छ निघाले. मग हाक मारली तर वळत नाही म्हणून कान. कानाचं यंत्र बंद पडलेलं. ते दुरुस्त होऊन नंबर लागेपर्यंत नऊ महिने. कानही स्वच्छ. मग बोलत नाही म्हणून वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे. त्या बाईंची बदली झाली होती आणि जागा भरायची होती. ती जागा किती दिवस भरायची होती ते मी सांगत नाही, सांगितलं तर तुम्हाला मी थट्टा करतोय असं वाटेल.

दर खेपेला ती केसपेपरवर शिक्का मारून घ्यायला खिडकीशी यायची आणि दर खेपेला पोरगी झाकण उचलायची. ते कडेवर उभं धरायची, एका बोटाने फिरवायची आणि ते थांबेपर्यंत त्याच्याकडे टक लावून राहायची. मला गंमत वाटायची. बाबूला मी म्हणालोही, "ही पोर मोठी झाली की कुंभाराच्या चाकावर बसव."

एकदा राजमतीने विचारलं होतं, "साहेब, तुम्ही एवढी माणसं बघता. ही बोलंल का वो?"

"माझा भाचा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही," मी सांगितलं. "आता विमा विकतो. गप्प बसायचे पैसे दिले तरी गप्प बसत नाही. काळजी करू नका. उशिरा बोलणारी पोरं हुशार असतात."

त्या दिवशी मात्र ती हसली होती. घरी जाऊन सासूलाही सांगितलं असणार, दवाखान्यातल्या साहेबांनी असं सांगितलं म्हणून. त्यानंतर सात महिने ती आली नाही. हे सात महिने माझे, असं मी पुढे मनात धरलं. पण ते फार पुढे.

आता त्या दिवसाचं सांगतो.

डिसेंबर होता. जिल्ह्याहून लहान मुलांच्या डॉक्टर आल्या होत्या, डॉक्टर निमकर. वर्षातून एकदा होणारं शिबिर. लसीकरणाच्या खोलीत टेबल मांडलं, आणि अक्षर चांगलं म्हणून मला तिथे लिहायला बसवलं. दुपारपर्यंत एकेचाळीस मुलं झाली. बेचाळिसावी प्रेक्षा मगदूम.

आता ती उंच झाली होती. केस कापलेले. राजमतीने पदर कमरेला खोचला होता आणि पोरीचं मनगट घट्ट धरलं होतं, रहदारीच्या रस्त्यावर धरतात तसं. मला बघून ती म्हणाली, "साहेब, तुम्ही आज हितं?"

"आज आम्हाला बढती," मी म्हणालो. बाबू दारातून हसला.

निमकरबाईंनी तिला काही विचारलं नाही. आधी खाली सतरंजीवर बसल्या. पोरीसमोर एक चेंडू ठेवला, एक बाहुली, एक चारचाकी गाडी. पोरीने गाडी उचलली, उलटी केली आणि चाक फिरवत बसली. बाईंनी नावाने हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. खिडकीकडे बोट करून "ते बघ, कावळा!" म्हणाल्या. पोरगी चाकात होती. हे सगळं जेमतेम दहा मिनिटं चाललं. मी घड्याळ बघत होतो, कारण मागे एकोणीस जण होते.

मग बाई उठल्या, खुर्चीवर बसल्या आणि राजमतीला समोर बसवलं.

"हाक मारल्यावर कधीच वळत नाही?"

"न्हाई."

"तुम्ही जवळ घेतलं, तोंड समोर आणलं, तर?"

"माझ्या मागचं बघती. मी काचंची असल्यागत."

"काही हवं असेल तर कसं सांगते?"

"माझा हात धरून न्हेती. डब्यावर माझा हात ठेवती. माझ्याकडं बघत न्हाई, हाताकडं बघती."

बाईंनी कागदावर लिहिलं. मी वाकून वाचलं, कारण मला रजिस्टरला उतरवायचं होतं. स्वमग्नता. हा शब्द मी एकोणीस वर्षांत तीन-चारदाच लिहिला असेन.

त्यांनी राजमतीला समजावून सांगितलं. सरळ, न घाबरवता. राजमती ऐकत राहिली. शेवटी तिने एकच विचारलं, "औषध?"

"औषध नाही. शिकवणं आहे. आठवड्यातून तीनदा, तिच्या पद्धतीने. कसं मागायचं, कसं सांगायचं, कसं सहन करायचं. जितकं लवकर सुरू होईल तितकं जास्त येतं. जिल्ह्याच्या गावी सरकारी केंद्र आहे, तिथे करतात. वय किती हिचं?"

"सा वर्सं झाली. मागल्या म्हैन्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तिथे सहाच्या आतलीच घेतात," त्या म्हणाल्या. आणि मग आवाज थोडा चढला. दिवसभरात बेचाळीस मुलं बघितलेल्या माणसाचा चढतो तसा. "अहो, एवढा उशीर का केलात? हे दोन-अडीच वर्षांचीच असताना दिसत होतं!"

"मी आलते की," राजमती म्हणाली. "दोन वर्सं आठ म्हैन्याची हुती तवा आलते. हितंच."

"या दवाखान्यात? काय सांगितलंत?"

"बघत न्हाई म्हणलं."

मी रजिस्टरमध्ये मान घालून बसलो होतो. बघत न्हाई. राजमती ‘दिसत न्हाई’ म्हणाली नव्हती.

"म्हंजी, माझ्याकडं बघत न्हाई, असं सांगणार हुते," राजमती पुढे म्हणाली, "पर गर्दी हुती. मग चार नंबरात गेले. ते डॉक्टर म्हणले, डोळ्याला काय हुतंय? मी म्हणलं, डोळ्याला काय न्हाई, तिला मुंगी सुद्दीक दिसती. ते म्हणले, मग डोळ्याच्या खोलीत कशाला आलाय? मी म्हणलं, धाडलंय."

निमकरबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली होती.

"लाटकर, हे झालं तर काम होतं बघा. केंद्राचा नियम आहे. सहाच्या आधी सरकारी दवाखान्यात हीच तक्रार घेऊन आल्याची नोंद असेल, तर वय त्या तारखेचं धरतात. पहिल्या नोंदीची नक्कल हवी. जुनी रजिस्टरं आहेत ना?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघाच. मी साडेचारपर्यंत आहे. ‘बघत नाही’ एवढं लिहिलेलं असलं तरी मला पुरे."

जुन्या कागदांची खोली एक्स-रेच्या मागे. बाबूने कुलूप काढलं. "मी शोधू का, साहेब?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नको, मला सापडेल." तो दारात बिडी काढून उभा राहिला.

पाच मिनिटांत सापडलं. महिना माझ्या लक्षात होता, पान तर उघडल्या उघडल्या ओळखू आलं. कडेला जांभळा अंगठा. मसुरीच्या डाळीएवढा. त्याच्या शेजारी मोत्यासारख्या अक्षरात, डोळे.

नुसती ती नक्कल दिली असती तर उपयोग नव्हता. पण उपयोग कशाने होईल तेही मला दिसत होतं. त्याखाली एक ओळ. आईने ‘बघत नाही’ असे सांगितले, लिहिताना माझी चूक झाली. सही, तारीख. निमकरबाईंसारखी बाई त्या ओळीवर शिक्का मारून केंद्रात स्वतः फोन करणार, हे मी पैजेवर सांगितलं असतं.

आता माझी अडचण ऐका. त्याच्या दोन वर्षं आधी मी एका जिवंत माणसाला मयताच्या नोंदीत घातलं होतं. एका नावाचे दोन म्हातारे, एकाच गावचे. जिवंत असलेला म्हातारा स्वतः चालत दवाखान्यात आला आणि खिडकीशी उभा राहून म्हणाला, "लाटकरसाहेब, मी कधी मेलो ते जरा बघून सांगा." सगळा दवाखाना आठवडाभर हसला. मला कारणे दाखवा नोटीस आली. लेखी ताकीद मिळाली आणि त्यात लिहिलं होतं की पुन्हा नोंदीत चूक झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल. हेड क्लार्कच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. यादी जानेवारीत निघणार होती.

मी खिशातून पेन काढलं. हे मी मुद्दाम सांगतो. पेन काढलं, टोपण उघडलं, आणि ‘आईने’ हा शब्द मनात जुळवला सुद्धा. मग वाटलं, आज नाही तर पुढच्या महिन्यात देऊ. यादी निघाली की देऊ. मुलगी कुठे पळून जाणार आहे? तीन वर्षं थांबलेत, तर महिना काय. टोपण लावलं.

बाबू म्हणाला, "मिळालं न्हवं?"

"नाही," मी म्हणालो आणि रजिस्टर परत रॅकमध्ये सारलं. बाबूने रॅककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बिडी विझवली आणि कुलूप लावलं.

लसीकरणाच्या खोलीत येऊन मी सांगितलं, "मॅडम, त्या सालाची रजिस्टरं पावसाच्या पाण्यात भिजली. बाद केलीत."

"सगळी?"

"तेवढी दोन-तीन महिन्यांची."

निमकरबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग राजमतीकडे वळल्या. "तुमच्याकडे तो पहिला केसपेपर आहे का?"

राजमतीने पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. सगळे कागद घडी घालून, तारखेने लावलेले. तेवीस शिक्के, हा आकडा मला आधीच पाठ होता. सगळ्यात खाली पहिला. घडीवर फाटून दोन तुकडे झालेला, पण रकाना शाबूत. बाईंनी वाचलं आणि तो कागद हळूच परत दिला.

"यावर डोळे लिहिलंय."

"मी न्हाई तसं म्हणलं."

"असेल हो. पण कागदावर तेच आहे. मला कागदावर जावं लागतं." मग नाइलाजाने त्यांनी शिबिराचा छापील तक्ता माझ्याकडे सरकवला. "लाटकर, भरून टाका. निदान लिहा. वय लिहा. उशिराचं कारण हाही रकाना आहे, तो रिकामा ठेवला तर परत पाठवतात."

"काय लिहू?"

त्यांनी राजमतीकडे बघितलं. राजमती पोरीच्या मनगटाकडे बघत होती.

"काय लिहिणार," बाई थकून म्हणाल्या. "पालकांनी उशिरा आणले."

मी लिहिलं. तो रकाना रुंद होता, तिन्ही शब्द मावले. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"त्या कागदाची एक प्रत मलाबी द्या," राजमती म्हणाली. "घरात दाखवाय लागंल."

मी दिली. ती घरी नेऊन तिने सासूच्या हातात दिली असणार. इतकी वर्षं सासू जे तोंडी म्हणत होती, की दोष आईचाच, ते आता शिक्क्यानिशी लिहून मिळालं होतं.

जानेवारीत यादी निघाली. मी हेड क्लार्क झालो. पेढे वाटले, बाबूने घेतला नाही. उपास आहे म्हणाला. फेब्रुवारीत मी जुन्या कागदांच्या खोलीत गेलो, मार्चमध्येही गेलो. एप्रिलमध्ये कळलं की केंद्रातल्या त्या वर्षाच्या जागा भरल्या. त्यानंतर जाणं राहून गेलं. पुढे तीन वर्षांनी ती रजिस्टरं खरोखरच बाद केली. बाद कागदांच्या यादीवर हेड क्लार्कची सही लागते.

मी आता निवृत्त आहे. सहा-सात वर्षांपूर्वी बुधवारच्या बाजारात मला त्या दोघी दिसल्या. मुलगी आईपेक्षा उंच. राजमतीने स्वतःच्या पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधलं होतं आणि ती भाजी निवडत होती. मुलगी तागडीच्या पारड्याला बोट लावून ते गरगर फिरवत होती. भाजीवाला ओरडत होता, "अगं ए, सोड की! बाई, हिला काय शिकीवलं न्हाई का?" राजमतीने फक्त पारडं धरलं आणि मुलीचा हात बाजूला केला, रोज शंभर वेळा करत असल्यासारखा. मी मिरचीच्या ढिगामागून दुसऱ्या गल्लीला लागलो.

पण त्या डिसेंबरातलं थोडं राहिलं.

शिबिर साडेचारला आटोपलं. संध्याकाळची ओपीडी सुरू झाली होती, संध्याकाळी खिडकीवर बसणारा माणूस रजेवर होता, म्हणून मीच माझ्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसलो. रांग होतीच. तीन-चार जण झाले आणि भोकातून हात आत आला. आता मोठा झालेला. त्याने शाईच्या पॅडचं झाकण उचललं.

"साहेब," राजमती म्हणाली.

मी कोरा केसपेपर ओढला.

"साहेब, मला भांडायचं न्हाई. त्या वह्या भिजल्या का न्हाई तेबी इचारायचं न्हाई." तिचा आवाज अगदी हळू होता, मागच्यांना ऐकू जाऊ नये इतका. "एवढंच सांगा. त्या दिशी मी काय म्हणले हुते? तुम्हाला ठावं हाय. तुम्ही नुसतं एकदा म्हणा, राजमती, तू असं म्हणली हुतीस. घरात मला कोण खरं मानत न्हाई. आता मलाबी वाटाय लागलंय, मी तसं म्हणलेच न्हाई का काय."

झाकण फिरत होतं. पत्र्याचा बारीक आवाज येत होता.

"साहेब, वर बघा की. माझ्याकडं बघा."

मी तारीख घातली. मग वेळ घातली. मग शिक्क्यावरची तारीख बरोबर आहे का ते तपासलं. झाकण थांबलं, लवंडलं, पोरीने ते पुन्हा उभं केलं.

"पुढं," मी म्हणालो.